घरचा संगणक सुरक्षित ठेवायचा, तर सुरुवात कुठून करावी?

नवा संगणक घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अँटिव्हायरस कुठला टाकू? दुकानदार एक डबा पुढे करतो, आपण पैसे मोजतो आणि सुरक्षेचं काम उरकलं असं समजून घरी येतो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयात मी नवशिक्यांना संगणक शिकवतो. तिथे हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतो. घरच्या संगणकामुळे माणसाचं जे मोठं नुकसान होतं, त्याची कारणं बहुधा तीन असतात. फायली कायमच्या जातात, ईमेलचं खातं दुसऱ्याच्या हाती लागतं, नाहीतर फोनवर कुणीतरी गोड बोलून आपल्याच हातून नको ते करून घेतो. यातल्या कशावरही विकतचा अँटिव्हायरस फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे: जे एकदा गेलं की परत मिळत नाही, त्याची काळजी आधी.

बहुतेक घरांत विंडोज असतं, त्यामुळे पायऱ्या विंडोज ११ प्रमाणे दिल्या आहेत. मॅक किंवा लिनक्सवर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

आधी कागद-पेन घ्या

संगणक उघडण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढा, की या यंत्रात असं काय आहे जे गेलं तर आपण रडू, आणि असं काय आहे जे परक्याच्या हाती पडलं तर आपण गोत्यात येऊ. या दोन वेगळ्या याद्या आहेत. पहिलीत लग्नाचे आणि बारशाचे फोटो येतील, आजोबांच्या आवाजातली भजनं येतील, गावच्या जत्रेत केलेल्या नाटकाची टाइप केलेली संहिता येईल. दुसरीत बँकेचे, आयकराचे कागद येतील. आणि गोव्यात जमिनीचे कागद तर येतीलच: एक-चौदाचा उतारा, पोर्तुगीज काळातल्या खरेदीखतांचे स्कॅन, वाटणीपत्रं. खोट्या कागदपत्रांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या होत्या, की २०२२ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं. जुन्या दस्तावरच्या सह्या, शिक्के आणि सर्व्हे नंबर असलेला स्वच्छ स्कॅन डेस्कटॉपवर उघडा ठेवण्याचा जिन्नस नाही.

तिसरी एक यादी आपण करतच नाही, ती म्हणजे दुसऱ्यांच्या कागदांची. घरची एखादी खोली पर्यटकांना देणाऱ्यांच्या संगणकात पाहुण्यांच्या पासपोर्टचे फोटो असतात, कारण परदेशी पाहुणा आल्यावर २४ तासांच्या आत सरकारी फॉर्म भरावा लागतो. भाडेकरू ठेवणाऱ्यांकडे त्यांची आधार कार्डं असतात. ती माणसं तुमच्या भरवशावर हे कागद देऊन गेलेली आहेत. कायद्याने जेवढा काळ ठेवणं भाग आहे तेवढाच काळ ते ठेवा, तेही एकाच फोल्डरमध्ये, आणि मुदत संपली की रिसायकल बिनमधूनही काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली त्यांची प्रत वेगळी पुसावी लागते, हे बहुतेकजण विसरतात.

पहिलं काम: प्रत

पहिल्या यादीतल्या सगळ्याची प्रत आजच काढा. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, साधारण संगणकाच्या डिस्कच्या दुप्पट क्षमतेची. फायली कॉपी करा, डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. यात ‘काढा’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. खंडणी मागणारा व्हायरस, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, तो संगणकातल्या फायलींना कुलूप लावतोच, शिवाय त्या क्षणी जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फायलींनाही लावतो. कायम जोडून ठेवलेली डिस्क मूळ फायलींबरोबरच जाते.

आपल्याकडे व्हायरसपेक्षा जुने शत्रू म्हणजे वीज आणि दमट हवा. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस येतो तो कडकडाट घेऊनच. अशा वेळी संगणक बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा आणि राउटरची वायरही काढा, कारण विजेचा झटका त्या वायरीतूनही येतो. पावसाळाभर प्रतीची डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. घराबाहेर आणखी एक प्रत असावी: पणजीला राहणाऱ्या बहिणीच्या घरी एक डिस्क ठेवली तरी चालेल, किंवा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत ठेवा. जाणकार याला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.

क्लाउडबद्दल एक गैरसमज असतो. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह तुमचं फोल्डर जसंच्या तसं वर नेत असतं. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, आणि तिथल्या कचराकुंडीत ती ठरावीक दिवसच राहते. घरगुती वनड्राइव्हमध्ये हे ३० दिवस आहेत. म्हणून क्लाउड ही दुसरी प्रत म्हणून उत्तम, एकमेव प्रत म्हणून नाही. फुकट मिळणारी जागा वनड्राइव्हवर ५ जीबी आणि गुगलवर १५ जीबी, तेव्हा कागदपत्रं त्यात मावतील, व्हिडिओ मावणार नाहीत.

आणि प्रत काढली की तिच्यातल्या चार-पाच फायली उघडून पाहा. न उघडणारी प्रत असणं आणि नसणं सारखंच.

दुसरं काम: ईमेलचं खातं

बँक, आयकर, वीजबिल, फेसबुक, सगळीकडे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण असतं, आणि ते दाबलं की निरोप तुमच्या ईमेलवर येतो. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकी बरंच काही. त्यामुळे तुम्हाला एकच खातं नीट बंदोबस्तात ठेवायला वेळ असेल, तर ईमेलचं ठेवा.

पासवर्ड लांब हवा. चिन्हं आणि अंक कोंबून केलेल्या आठ अक्षरांपेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द लक्षात ठेवायला सोपे आणि फोडायला कठीण. कुलदैवताचं नाव आणि पुढे १२३, मुलाचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, हे आपल्या ओळखीच्या माणसालाही दोन मिनिटांत सुचतं. संगणकाने हजारो शब्द तपासणाऱ्याला तेवढाही वेळ लागत नाही. हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. एखाद्या खरेदीच्या साइटवरून पासवर्ड चोरीला गेले की चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी जीमेलवर लावून बघतात, आणि बरीच खाती अशी जातात. आपला ईमेल पत्ता अशा एखाद्या चोरीत सापडला आहे का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं.

बाकीच्या खात्यांसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्राम वापरा. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी हे दोन्ही विनाशुल्क आहेत आणि त्यांचा प्रोग्राम कसा लिहिला आहे ते कुणालाही तपासता येतं. ज्येष्ठांना हे जड वाटतं. त्यांना मी सांगतो, वहीत लिहा आणि वही दागिन्यांबरोबर कपाटात ठेवा. काहीजण हे ऐकून दचकतात. पण दुसऱ्या देशात बसलेल्या चोराला तुमचं कपाट दिसत नाही, आणि वहीत लिहिता येतं म्हटल्यावर माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवायला तयार होतो. वहीचा फोटो मात्र काढायचा नाही.

मग दुहेरी पडताळणी सुरू करा, म्हणजे पासवर्डबरोबर फोनवरचे आकडेही विचारले जातात. गुगलच्या खात्यात ‘सिक्युरिटी’ मध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आहे. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप चांगलं, कारण तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेणाऱ्या चोराला एसएमएस मिळतात, अ‍ॅपमधले आकडे मिळत नाहीत. तिथेच ‘बॅकअप कोड्स’ मिळतात, ते छापून त्याच वहीत चिकटवा. फोन हरवला तर आत शिरायला ती भरवशाची वाट असते.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी तपासा. एक, याच पानावरच्या ‘रिकव्हरी फोन’ मध्ये जुना नंबर तर नाही ना? बंद केलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमच्या खात्याची किल्ली त्या अनोळखी माणसाकडे जाते. दोन, जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ उघडून पाहा. एकदा आत येऊन गेलेला चोर तिथे आपला पत्ता टाकून ठेवतो. तुम्ही पासवर्ड बदललात तरी तुमची पत्रं त्याच्याकडे जातच राहतात.

अपडेट, आणि विंडोज १०

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातली रुग्णालयं आणि कारखाने ठप्प केले. ज्या त्रुटीतून तो आत शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते बसवलं होतं त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही. अपडेट का करायचं, याला एवढं उत्तर पुरे. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा, जे आलं असेल ते घ्या, आणि संगणक खरोखर ‘रीस्टार्ट’ करा. झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपवर अपडेट अर्धवट पडून राहतं.

तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट, म्हणजे नेहमीची मोफत अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते, जी जुन्या यंत्रांत बरेचदा नसते. अशा यंत्राचं काय करायचं? पत्रव्यवहार, इंटरनेट, बँक एवढंच काम असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका, असं माझं ठाम मत आहे. ते फुकट आहे, मराठी दिसतं, मराठी लिहिता येतं, आणि जुनं यंत्र पुन्हा हलकं चालतं.

दुकानदार ‘विंडोज ओरिजिनल नाही, पण चालतं’ म्हणत असेल तर नको म्हणा. चोरीची प्रत चालू करणारी साधनं बसवताना विंडोजचा अँटिव्हायरस आधी बंद करायला सांगतात. ते साधन आणखी काय करतं हे मग तपासणार कोण? मराठी टायपिंगचंही तसंच. मराठी लिहिण्यासाठी कुठल्या तरी साइटवरून सॉफ्टवेअर उतरवताना नको त्या पाच गोष्टींची भर पडलेले संगणक माझ्यासमोर येत असतात. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आधीपासूनच आहे, आणि इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा ‘फोनेटिक’ कीबोर्डही २०१९ पासून आला आहे. सेटिंग्ज, ‘टाइम अँड लँग्वेज’, तिथे मराठी भाषा जोडा. बाहेरच्या साइटवरून काही उतरवण्याची गरजच नाही.

रोजच्या वापराला वेगळं खातं

हे काम पंधरा मिनिटांचं, आणि नवशिक्याने करण्यासारखं याहून फायद्याचं काम क्वचितच असेल. नव्या संगणकावर तुमचं खातं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असतं, म्हणजे तुम्ही चालवलेल्या कुठल्याही प्रोग्रामला संपूर्ण यंत्रावर ताबा मिळवणं सोपं जातं. रोजचं काम साध्या खात्यातून केलं की काहीही बसवताना पासवर्ड विचारला जातो, आणि तेवढ्यात माणूस थांबून विचार करतो.

सेटिंग्ज उघडा, ‘अकाउंट्स’, मग ‘अदर युजर्स’, मग ‘अ‍ॅड अकाउंट’. ईमेल विचारेल तिथे ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाचा दुवा निवडा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा. नाव द्या ‘देखभाल’, पासवर्ड द्या, वहीत लिहा. आता त्याच यादीत ‘देखभाल’ वर ‘चेंज अकाउंट टाइप’ दाबून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. साइन आउट होऊन ‘देखभाल’ मध्ये शिरा, आणि तिथून तुमचं नेहमीचं खातं ‘स्टँडर्ड युजर’ करा. तुमच्या फायली, फोटो, डेस्कटॉप, सगळं जागच्या जागी राहतं.

त्याच हाताने ‘पाहुणे’ नावाचं आणखी एक साधं खातं करून ठेवा. चवथीला घर भरलं की भाचेमंडळी संगणकावर तुटून पडणारच. त्यांना रागावून उपयोग नाही, वेगळं खातं दिलं की तुमच्या फायली आणि त्यांचे खेळ वेगवेगळे राहतात.

पेनड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

मामलेदार कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात किती पेनड्राइव्ह त्या एका संगणकाला लागत असतील, कल्पना करा. तिथून परत आलेला ड्राइव्ह घरी लावला की कधी कधी आत आपल्या फायलींऐवजी एकच चिन्ह दिसतं, त्यावर छोटा बाण असतो आणि नाव ड्राइव्हचंच असतं. त्यावर क्लिक केलं की फायली उघडतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण त्या क्लिकने व्हायरस तुमच्या संगणकात आलेला असतो. तुमच्या फायली गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात.

असं दिसलं तर क्लिक करू नका. एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘हिडन आयटम्स’ चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ वरची खूण तात्पुरती काढा. फायली दिसल्या की फक्त आपले फोटो आणि कागद कॉपी करून घ्या, ड्राइव्ह फॉरमॅट करा, आणि संगणकाचं पूर्ण स्कॅन लावा. त्याच ‘शो’ च्या यादीत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हीसुद्धा खूण करून ठेवा, ती कायमची. मग ‘लग्नपत्रिका.पीडीएफ’ म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी खरं तर ‘.ईएक्सई’ आहे, हे डोळ्यांना दिसेल. ईएक्सई म्हणजे संगणकावर चालणारा प्रोग्राम, एपीके म्हणजे फोनवरचं अ‍ॅप. पत्रिका कधी ईएक्सई नसते, आणि फोनवर ती एपीके नसते.

छापायला जाताना पेनड्राइव्हवर तेवढी एकच फाइल न्या. गावच्या नाटकाचं पार्श्वसंगीत, घरचे फोटो आणि आधार कार्ड एकाच ड्राइव्हवर घेऊन कुणाच्याही संगणकाला लावणं बंद करा. दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल तर निघण्यापूर्वी तुमच्या फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा आणि तिथलं नाव दाबून लॉग आउट करा. दुकानाची खिडकी नुसती बंद केल्याने तुमचं व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद होत नाही. डाउनलोड झालेली फाइलही पुसायला सांगा. शरम वाटायचं कारण नाही, चांगला दुकानदार स्वतःहून पुसतो.

आधारच्या बाबतीत, जिथे चालत असेल तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. आधारच्या साइटवरून उतरवलेल्या पीडीएफला कुलूप असतं, पण त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. तुमचं नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही ते उघडतं, त्यामुळे कुलपावर विसंबू नका.

ब्राउझर: कोपऱ्यातून येणारे इशारे

आमच्या वाड्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी एकदा घाबऱ्याघुबऱ्या बोलावून घेतलं. “अरे, हे बघ रे, दर मिनिटाला व्हायरस सापडतोय.” पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात खरोखर लाल चौकटी येत होत्या: तुमच्या संगणकात पाच व्हायरस, तुमचा परवाना संपला, लगेच इथे क्लिक करा.

“सर, तुम्ही यातल्या कशावर क्लिक केलं का?”

“नाही. भीतीने हातच लावला नाही.”

हेच बरोबर केलं होतं. त्या चौकटी अँटिव्हायरसच्या नव्हत्याच. कुठल्याशा साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं होतं, त्यांनी ‘अलाउ’ दाबलं होतं, आणि त्या साइटला त्यांच्या पडद्यावर कधीही निरोप टाकायची परवानगी मिळाली होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ उघडलं. परवानगी मिळालेल्या साइट्सची लांबलचक यादी होती. एकेक काढून टाकली, आणि वरचा पर्याय असा लावला की यापुढे कुठल्याही साइटने हे विचारूच नये. चौकटी तिथेच थांबल्या. तुमच्याकडे असा त्रास नसला तरी ही यादी आज उघडून पाहा.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे अख्खा पडदा व्यापणारं पान, भोंग्याचा आवाज आणि ‘या नंबरवर फोन करा, संगणक बंद करू नका’. ते एक साधं वेबपान असतं. एस्केप दाबून धरा. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरा. फोन मात्र करायचा नाही.

असली पानं मुख्यतः जाहिरातींतून येतात. म्हणून फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं साधन बसवा. क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते, तीही बरीच उपयोगी. बँकेचं पान गुगलवर शोधून उघडू नका, कारण वर येणारा पहिला दुवा जाहिरात असू शकतो. पत्ता स्वतः टाइप करून एकदा बुकमार्क करा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘.बँक.इन’ या राखीव पत्त्यावर यायला सांगितलं होतं, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. तेव्हा आपल्या बँकेचा पत्ता तसा संपतो का, हे बघायची सवय लावा. पत्त्याशेजारी कुलपाची खूण असणं म्हणजे साइट प्रामाणिक असणं नव्हे. तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी वाचत नाही, एवढाच तिचा अर्थ. ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) खिडकीचाही अर्थ मर्यादित आहे: या संगणकावर इतिहास उरत नाही. इंटरनेट कंपनीला किंवा त्या साइटला तुम्ही दिसताच.

फोनवरचा माणूस

वीज खात्यातून बोलतोय, बिल थकलंय, आज रात्री लाइट कापणार. बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय. पोलिसांतून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. शेवटचा प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून ओळखला जातो. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक नावाची गोष्टच नाही. त्यातून सुटण्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो चोर आहे, गणवेश घातलेला दिसला तरी.

संगणकाच्या बाबतीत त्यांची मागणी ठरलेली असते: एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा विंडोजमधलंच क्विक असिस्ट उघडा आणि पडद्यावरचे आकडे वाचून दाखवा. ही साधनं वाईट नाहीत, पुण्याला नोकरी करणारा मुलगा आईचा संगणक त्यांच्यातूनच दुरुस्त करतो. पण आकडे दिले की पलीकडचा माणूस तुमच्या खुर्चीवर बसल्यासारखा सगळं करू शकतो. नियम एकच ठेवा: मी स्वतः फोन करून मदत मागितली असेल तरच आकडे द्यायचे. समोरून आलेल्या फोनवर कधीच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नीट बसून सांगा, आणि असा फोन आला तर आधी मला लाव, कितीही वाजलेले असोत, हेही सांगा. लाजेने माणसं गप्प राहतात आणि त्या गप्प राहण्यातच पैसे जातात.

उरलेली छोटी कामं

सेटिंग्जमधलं ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ एकदा वरून खाली वाचा. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन, प्रत्येकात कुणाकुणाला परवानगी आहे ते दिसतं. जिची गरज पटत नाही ती बंद करा. जाहिरातींसाठीची ओळख आणि ‘डायग्नोस्टिक्स’ मधली ऐच्छिक माहितीही बंद करा. यातलं काहीही बंद करून संगणक बिघडत नाही.

राउटरच्या खाली चिकटवलेला कारखान्याचा पासवर्ड बदला, आणि पर्यटकांना खोली देत असाल तर त्यांच्यासाठी ‘गेस्ट’ वाय-फाय वेगळं चालू करा. बहुतेक राउटरांत ती सोय असते.

लॅपटॉप असेल तर डिस्क कूटबद्ध आहे का ते पाहा, म्हणजे कदंबाच्या बसमध्ये तो विसरला तरी डिस्क काढून कुणाला वाचता येणार नाही. विंडोज होममध्ये याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात, प्रोमध्ये ‘बिटलॉकर’, मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’. नव्या लॅपटॉपवर हे बरेचदा आपोआप चालू असतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. ती शोधून कागदावर उतरवा. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला तर संगणक हीच की मागतो, आणि ती नसेल तर आतलं सगळं तुम्हालाही कायमचं बंद.

दुरुस्तीला देतानाही प्रत आधी काढा, आणि तंत्रज्ञाला तुमच्या खात्याचा पासवर्ड न देता एक तात्पुरतं खातं करून द्या. विकताना ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि पुढे ‘क्लीन डेटा’ चा पर्याय चालू. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं.

आता तो अँटिव्हायरस. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीच असतो, तो घरगुती कामाला पुरतो. तो चालू आहे ना, एवढं ‘विंडोज सिक्युरिटी’ मध्ये पाहा. शंका आली तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट तपासणीची साधनं आहेत. डब्याचे पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर खर्च करा.

एवढं करूनही घडलंच तर

पहिल्यांदा नेट तोडा: वाय-फाय बंद, वायर बाहेर. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे सकाळ होण्याची वाट पाहू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ईमेलचा पासवर्ड आधी बदला, मग बँकेचा. फायलींना कुलूप लागलं असेल तर खंडणी देऊ नका. पैसे देऊनही फायली मिळतीलच असं नाही. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. तुमच्या प्रकारची आज नसली तर कुलूप लागलेल्या फायली एका डिस्कवर ठेवून द्या, पुढे मिळू शकते.

घाईत संगणक फॉरमॅट करून टाकू नका, पुरावा त्यातच आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात जा. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. जाताना ओळखपत्र, बँकेच्या खात्याचा उतारा, आलेल्या संदेशांचे आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट छापून, समोरच्याचा फोन नंबर, आणि १९३० वरून मिळालेला क्रमांक एवढं बरोबर न्या.